वाचा गेली, गाणं राहिलं

कोइवुला, मिशिगन
१८ नोव्हेंबर १९७३

आर्वो,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. बाबांच्या मातीला तू आला नाहीस आणि तेव्हापासून आपल्यात नाताळची कार्डंही बंद पडली. तो विषय मी काढणार नाही. मला भावाशी नाही, डॉक्टरशी काम आहे, असं समजून वाच.

वेइक्कोला झटका आला. ऑक्टोबरात, अंगणात सरपण फोडताना. मी बाहेर आले तेव्हा कुऱ्हाड ओंडक्यात तशीच रुतलेली होती आणि हा शेजारी बसून माझ्याकडे बघत होता, कुणीतरी थट्टा करून पळून गेल्यासारखा. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, वाचा पूर्ण गेली. तुला आठवतो ना माझा नवरा? कामगारांच्या हॉलमध्ये टेबलावर चढून खाणमालकांना शिव्या घालायचा, तेव्हा रस्त्यापलीकडे चर्चमध्ये बाबांना प्रवचन थांबवावं लागायचं. आता त्याच्या तोंडून एकच अक्षर निघतं, 'ना'. मीठ हवं असलं तरी ना, उठायचं असलं तरी ना. मी मिठाऐवजी सपाता आणून देते आणि तो कप फेकतो.

आता ज्यासाठी लिहितेय ते.

गेल्या रविवारी मी वेलदोड्याच्या पावाचं पीठ मळत होते आणि सवयीनं संध्याकाळच्या उपासनेतलं गीत गुणगुणत होते. त्याचं दुसरं कडवं मला कधीच धड येत नाही. तिथे अडले, तर आतल्या खोलीतून पुढची ओळ आली. शब्दांसकट, स्वच्छ. मी पिठाच्या हातांनी तशीच आत गेले. खिडकीबाहेर बघत वेइक्को गात होता. सगळं कडवं गायला. मी म्हटलं, "वेइक्को! बोल ना, काय हवंय तुला?" तो म्हणाला, "ना, ना, ना," आणि रडायला लागला. मी परत सूर धरला, तर परत गायला.

हा माणूस आयुष्यात चर्चची पायरी चढलेला नाही. हॉलवाला तो हॉलवाला. दर रविवारी मला दारापर्यंत सोडायचा आणि उपासना संपेपर्यंत ट्रकमध्ये बसून राहायचा. कडाक्याच्या थंडीतसुद्धा ट्रकची काच खाली. मी विचारायचे, "बोटं निळी पडलीत, काच का उघडी ठेवतोस?" तर म्हणायचा, "पाइपचा धूर कोंडतो." इतकी वर्षं मी ते खरं मानत आले.

तू तिकडे कॅलिफोर्नियात माणसांच्या कवट्या उघडून बघतोस. मला सांग, बोलणं गेलं तर गाणं येतं कुठून? पास्टर साल्मेला म्हणतात, वरून येतं. इथला पोरगेला डॉक्टर म्हणतो, असं होतं कधीकधी. दोघांच्याही उत्तरानं माझं पोट भरलं नाही.

साइमी


९ डिसेंबर

आर्वो,

तुझं पत्र इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. टपालवाल्या एइनोनं ते हातात ठेवताना पाकीट उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "कॅलिफोर्निया? प्रचारकाचा पोरगा जिवंत आहे होय?" मी म्हटलं, "जिवंत आहे आणि टाइपरायटरवर लिहितो." सही तेवढी हातची होती. ती मी दोनदा बघितली.

समजलं ते असं: बोलण्याची जागा मेंदूच्या डाव्या बाजूला, सुरांची बरीचशी उजव्या बाजूला. वेइक्कोची डावी बाजू बुडाली, उजवी कोरडी राहिली. सुराला चिकटलेले शब्द सुराबरोबर बाहेर येतात. बरोबर? तू लिहितोस, "यात देवाला ओढू नकोस, साइमी. गीताऐवजी दारूच्या अड्ड्यावरचं गाणं असतं तरी हेच झालं असतं." बरं. नाही ओढत.

पण तू सांगितलेला उपाय करून बघितला आणि तो लागू पडला! त्याचा डावा हात हातात घ्यायचा, मांडीवर ताल धरायचा, जे बोलायचं ते चालीत म्हणायचं. पहिल्यांदा मी फार गंभीर तोंड करून त्याच्यासमोर बसले आणि त्याच संध्याकाळच्या गीताच्या चालीवर म्हटलं, "म-ला कॉ-फी ह-वी." तो माझ्याकडे बघतच राहिला. आमच्या लग्नानंतर मी एवढा मूर्खपणा केलेला त्यानं पाहिला नव्हता. चौथ्या दिवशी सकाळी मी सरपण घेऊन आत येते तर आतून घुमलं, "म-ला कॉ-फी ह-वी, सा-इ-मी, ही पा-ण-च-ट आ-हे!" पवित्र चालीवर! मी सरपण टाकलं आणि जमिनीवर बसून हसले. किती दिवसांनी माझं नाव ऐकलं होतं.

तेव्हा डॉक्टरचे आभार. आता तू शेवटी जे लिहिलंयस त्याबद्दल. झुडूप हललं की माणसाला अस्वल दिसतं. ज्यांना दिसलं ते पळाले आणि वाचले, ज्यांना नाही दिसलं त्यांना अस्वलानं खाल्लं. आपण त्या भित्र्यांची नातवंडं, म्हणून आपल्याला प्रत्येक झुडपामागे कुणीतरी असल्याचा भास होतो, आणि त्या सगळ्यात मोठ्या भासाला आपण देव म्हणतो. छान लिहिलंयस. लहानपणापासून तुला असं लिहिता यायचं.

पण मला एक कळत नाही. अस्वलाला भिणारा पळतो. वेइक्को पळाला नाही. हिवाळ्यात काच खाली करून बसला. भीतीनं कोण असं बसतं? त्या गाण्यानं त्याला ना ऊब मिळाली ना भाकरी, उलट हॉलवाल्या दोस्तांची टवाळी मिळाली असती. मग ते त्याला का हवं होतं?

वाद घालत नाही. विचारतेय.

साइमी


२१ जानेवारी १९७४

आर्वो,

तुला हसू येईल, आणि आलं तर येऊ दे. मी अजून हसू शकलेली नाही.

वेइक्को गातो ही गोष्ट गावभर झाली. पास्टर साल्मेला घरी आले, त्याच्याजवळ बसले, चालीवर चार गोष्टी बोलले. मग मला म्हणाले, "रविवारी याला घेऊन या. लोकांना ऐकू दे." मी वेइक्कोला विचारलं. त्यानं बराच वेळ विचार केला आणि मान हलवली. हो म्हणून! आर्वो, मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते. मी त्याचा लग्नातला कोट काढला, इस्त्री केली.

काठी टेकत, उजवीकडून माझ्या खांद्यावर भार टाकून तो आत आला आणि सगळं चर्च वळून बघायला लागलं. पुढच्या बाकावर बसवलं. गीत सुरू झालं, तसा तो गायला. तुला त्याचा आवाज माहीत आहे, आता थोडा खरखरतो, पण खोली तीच आहे. हळूहळू बाकीचे गप्प झाले आणि तो एकटाच गात राहिला. म्हातारी लेंपी तर रुमालात तोंड घालून हुंदके देत होती. मी मनात म्हणत होते, बघ आर्वो, बघ.

तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण पास्टर उठले. म्हणाले, "बंधूंनो, पाहा! ज्या जिभेनं चाळीस वर्षं देवाची निंदा केली, ती देवानं काढून घेतली आणि फक्त स्तुतीपुरती परत दिली!"

वेइक्कोचं तोंड मी बघितलं. तो लाल झाला. काठी फरशीवर आपटली, एकदा, दोनदा, आणि त्या तालावर त्यानं हॉलचं गाणं सुरू केलं. तेच, संपाच्या दिवसांतलं, ज्यात मालकाचा कुत्रा आणि मालकाचा पाद्री एकाच ताटात जेवतात. सगळी कडवी. शब्द एकही चुकला नाही. आणि धृपदाला मागच्या बाकावरून दुसरा आवाज मिळाला! एइनो टपालवाला, चर्चचा विश्वस्त! बायकोनं कोपर मारलं तेव्हा कुठे त्याला आपण काय करतोय ते कळलं.

मग लेंपी रुमाल खाली करून म्हणाली, "आवाज मात्र दोन्ही गाण्यांत एकच लागतो हो याचा," आणि अर्धं चर्च खोकल्याच्या नावाखाली हसलं.

तू म्हणालाच होतास. दारूच्या अड्ड्यावरचं गाणं असतं तरी. तू जिंकलास.

दुसऱ्या दिवशी पास्टर टोपी हातात घेऊन दारात उभे. म्हणाले, "साइमी, तो गात होता आणि मी त्याच्या गळ्यात माझे शब्द कोंबले. मला क्षमा मागायचीय, पण त्याच्याकडे." आत गेले. थोड्या वेळानं आतून ऐकू आलं, "पास्-ट-र-ला कॉ-फी दे." चाल हॉलच्या गाण्याची होती. म्हणजे त्यांचं मिटलं. माझं मिटलं नाही.

तुला खरं सांगते, कारण इथे कुणाला सांगता येत नाही. झटका आल्या दिवसापासून मला प्रार्थना करता येत नाही. गुडघे टेकते, हात जोडते आणि पुढे काही नसतं, दूध आटलेल्या गायीखाली बसल्यासारखं. वेइक्को पहिल्यांदा गायला तेव्हा वाटलं, हे माझ्यासाठी पाठवलेलं उत्तर आहे. मी कुणाला न विचारता ते उत्तर म्हणून ठेवून घेतलं. आता ते दोन्ही बाजूंनी वाचता येतं, आणि दोन्ही बाजूंनी वाचता येणाऱ्या उत्तराचं माणसानं काय करायचं?

साइमी


१० मार्च

आर्वो,

"मी जिंकलो नाही, मला जिंकायचंही नव्हतं," असं तू हातानं लिहिलंस. ते पत्र वेइक्कोलाही वाचून दाखवलं.

तू लिहिलेली एक गोष्ट मनात घोळत राहिली. पास्टर नेहमी म्हणतात की माणसाला भूक लागते त्याअर्थी जगात भाकरी असलीच पाहिजे, तसंच देवाचं. त्यावर तू लिहितोस, "भुकेनं मेलेली माणसं मी पाहिली आहेत, साइमी. भूक लागली म्हणून भाकरी मिळतेच असं नाही." खरं आहे. पण भुकेनं मेला म्हणून भाकरी नावाची वस्तूच जगात नाही, असं तरी कुठे ठरतं? मी एवढंच म्हणेन की भूक खरी आहे. तू तिला भास म्हणतोस तेव्हा मला राग येतो.

आणि तू बाबांबद्दल लिहिलंस. पहिल्यांदा. "ज्या देवाला एका पोराच्या व्हायोलिनची भीती वाटते त्याच्यासाठी माझ्याकडे जागा नाही." सौनाच्या, त्या वाफेच्या न्हाणीच्या शेगडीत बाबांनी ते कोंबलं तेव्हा मी दारातच उभी होते. तारा तुटतानाचा आवाज मलाही अजून ऐकू येतो. मी बाबांची बाजू घेणार नाही. ते म्हणायचे, सुंदर वस्तू डोळ्यांत भरते आणि देवाला जागा उरत नाही. घरात फुलांचा पडदा नाही, कपबशीवर रंगीत रेघ नाही. आईनं एकदा उशीच्या अभ्र्यावर दोन पानं भरली तर ती उसवायला लावली.

आता ऐक काय झालं ते.

वेइक्कोला सौनातल्या वरच्या बाकावर चढता येत नाही आणि खाली बसून त्याला वाफ पुरत नाही. म्हणून परवा एइनो हत्यारं घेऊन आला, बाक काढून दोन हात खाली बसवायला. हा बाक बाबांनीच केलेला, तू तेव्हा पाळण्यात होतास. एइनोनं खिळे उपसले, फळी ओढून बाहेर बर्फावर आणली, उलटी केली आणि हाक मारली, "साइमी, इकडे ये. हे काय आहे?"

फळीच्या खालच्या अंगाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बर्चच्या झाडाची पानं कोरलेली. एकासारखं दुसरं नाही. कुठे देठाशी अळीनं खाल्लेलं भोक, कुठे वाऱ्यानं पलटलेलं पान. मधेच एक छोटा पक्षी, मान वळवून मागे बघणारा. काजळी बसलेली, पण धार अजून शाबूत. मी फडकं ओलं करून पुसत गेले आणि ते निघत गेलं. सुरी बाबांचीच. कुऱ्हाडीच्या दांड्यावर ते खूण करायचे ती तिरपी खाच कोपऱ्यात आहे.

भिंतीकडची, अंधारातली, जमिनीकडे तोंड केलेली बाजू. तिथे कुणी बघणार नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर तिथे कोरलं. महिनाभराचं काम असेल. आपण कुणीच पाहिलं नाही. आईनंही नसेल पाहिलं.

एइनो म्हणाला, "प्रचारक लपूनछपून पाप करायचा म्हणायचं." वेइक्को काठीवर वाकून कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्या पक्ष्यावर डावा अंगठा फिरवत गायला, "कु-णा-सा-ठी?"

तूच सांग. देवाला दाखवायला म्हणावं, तर देव रागावेल अशी त्यांचीच शिकवण. माणसांना दाखवायला म्हणावं, तर माणसांपासून लपवलं. तुझं व्हायोलिन जाळलं त्याचं याच्यानं काही भरून येत नाही. पण त्यांचेही हात त्यांचं ऐकत नव्हते, एवढं तुला कळावं असं वाटलं.

फळी परत बसवलेली नाही. व्हरांड्यात उभी करून ठेवली आहे. एइनो नवी फळी आणतो म्हणाला. तुला बघायची असेल तर बर्फ वितळायच्या आत ये, नंतर रस्त्यांत चिखल होतो.

साइमी

ता. क. हे पत्र टाकायच्या आतच तुझी 'येतोय' अशी तार आली. खोली गरम करून ठेवते.


५ मे

आर्वो,

विमान वेळेवर पोचलं ना? वेइक्कोनं बरोबर दिलेले मासे बर्फात नीट राहिले का? विमानात शेजारच्या बाईला काय वास आला असेल कोण जाणे.

घर फार शांत झालंय. तुम्ही दोघं सौनात बसून जे गात होता ते अख्ख्या कोइवुलानं ऐकलं. चर्चचं एक, हॉलचं एक, चर्चचं एक, हॉलचं एक. तू म्हणालास तो उपचाराचा भाग होता. तुझा आवाज भसाडा आहे, आर्वो, पण तुला सगळी गीतं अजून तोंडपाठ आहेत. ती तू कुठल्या बाजूला ठेवली होतीस, डाव्या की उजव्या?

फळीसमोर तू किती वेळ बसलास आणि काय बोललास ते मी लिहीत नाही. एवढंच, की नंतर पायरीवर तू मला विचारलंस, "अजून मानतेस तू?" आणि मी विचारलं, "तू अजून मानत नाहीस?" आणि तू म्हणालास, "मेंदूत जे बघितलं त्यात कुठे देव दिसला नाही. पण सौंदर्य कशाला लागतं तेही तिथे दिसलं नाही. नळ दिसले. पाणी कुठून येतं ते नळात दिसत नाही." मी म्हटलं, "हे प्रवचनात चाललं असतं." तर तू म्हणालास, "शिव्या देऊ नकोस." मग कॉफी निवली आणि आपण आत आलो. मला ते संभाषण तसंच अर्धवट आवडलं. पुढच्या वेळी मात्र मी तुला इतक्या सहज सोडणार नाही.

आता तू गेल्यावर जे झालं ते तुला कळायलाच हवं, डॉक्टर म्हणूनही.

हॅनकॉकच्या विमानतळावर तुला सोडून परत येताना मी ट्रक किनाऱ्याच्या रस्त्यानं घेतला. सरोवराचा बर्फ फुटला होता. उत्तरेच्या वाऱ्यानं तो काठावर आणून रचला होता, काचेच्या तावदानांसारखा, पुरुषभर उंच, आणि आतून निळा. असा निळा की त्याला नाव नाही. मी थांबले. वेइक्कोला उतरवलं. खालून लाट आली की ते सगळे तुकडे एकमेकांवर वाजायचे, किणकिण किणकिण, लांबवर, जिथवर किनारा दिसतो तिथवर. ऊन वर आलं होतं. आसपास कुणी नव्हतं. आम्ही थांबलो नसतो तरी ते तसंच वाजत राहिलं असतं, आणि चार दिवसांत वितळून गेलं असतं.

मी काही ठरवलं नव्हतं. गुडघे टेकले नाहीत, डोळे मिटले नाहीत. तोंडातून मोठ्यानं निघालं, "आभारी आहे." बस, एवढंच. कुणाला, ते मला विचारू नकोस. म्हणजे विचार, पण पत्रात. इतक्या महिन्यांनी माझ्या आत काहीतरी सुटलं आणि वरच्या दिशेनं गेलं, एवढं मला कळलं.

आणि शेजारून आवाज आला, "असू दे."

आर्वो, गाऊन नाही. चाल नाही, ताल नाही, मांडीवर हात नाही. बोलून. लग्न झाल्यापासून, त्यानं मला मीठ दिलं किंवा कोट घालायला मदत केली आणि मी आभार मानले की जसं तो म्हणायचा, तसंच सरळ, थोडं गुरगुरत. "असू दे." मी वळून बघितलं. तो स्वतःच दचकला होता. मग त्याच्या लक्षात आलं, मी आभार कुणाचे मानले असतील आणि उत्तर कुणी दिलं, आणि त्या निम्म्या तोंडानं तो असा हसायला लागला की मला त्याला धरावं लागलं. मीही हसले. देवाच्या वतीनं एका हॉलवाल्यानं "असू दे" म्हणावं! बाबा असते तर दोघांना ट्रकमधून उतरवलं असतं.

पास्टरना सांगितलं तर ते पुढच्या रविवारी यावरच बोलतील, म्हणून सांगितलेलं नाही. तू म्हणशील, डावी बाजू थोडी थोडी कोरडी होतेय, सवयीचे शब्द आधी परत येतात, नियमित सराव चालू ठेवा. ठेवते. आज सकाळी त्यानं "नको" आणि "दार लाव" म्हटलं, तेही बोलून. तुझं म्हणणं खरं असेल. ते खरं असल्यानं माझं खोटं ठरत नाही, असं मला वाटतं, आणि तसं वाटून घ्यायला मी आता कुणाची परवानगी मागणार नाही.

त्याला तुला काहीतरी सांगायचंय. पेन डाव्या हातात धरून बसलाय, कागद ओढतोय. मी बाजूला होते.

*आ र् वो. उ न्हा ळ्या त ये. मा से.*